गावातलं सगळ्यात गोड पाणी

एप्रिलच्या तीन तारखेला, शनिवारी सकाळी पावणेआठ वाजता, एव्हरेट स्टोवेलच्या अंगणातल्या जुन्या विहिरीत पुढील गोष्टी होत्या: पाणी, चौदा इंच, बेडूक दोन, पैकी एक जिवंत, टेनिसचे चेंडू चार, पत्र्याचा मग एक, आणि एव्हरेटचा चष्मा, जो ही मोजदाद चालू असताना नुकताच आत पडला होता.

एव्हरेट शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. त्यामुळे ही यादी त्याने वहीत नीट लिहून काढली आणि चष्म्यापुढे कंसात "आजचा" असं नमूद केलं. ही वही पुढे फार जाड झाली.

एकोणीस फूट खोल, दगडांनी बांधलेली ती विहीर दीडशे वर्षं कुणाला खुपली नव्हती. पण त्याची मुलगी टेसा जूनअखेर शहरातली भाड्याची जागा सोडून, पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी राहायला येणार होती. तिच्यासाठी गॅरेजवरची खोली तयार होती. त्या खोलीत माणसांनी राहायचं तर गावाचा दाखला हवा, दाखल्याला पाण्याचा अहवाल हवा, आणि बेडकांच्या विहिरीचा अहवाल कुठलीच प्रयोगशाळा हसल्याशिवाय देणार नव्हती.

"बाळ वरचं दूध पितं, बाबा," टेसा फोनवर म्हणाली. "म्हणजे चमचाभर पावडर, आणि बाकी सगळं तुझं पाणी. कागद हातात आल्याशिवाय मी तिला तिथे आणणार नाही. मी प्यायले ते बेडकांचं पाणी. ती नाही पिणार."

तेव्हा नवी बोअर मारायची ठरली. तहान लागल्यावर विहीर खणू नये असं म्हणतात. नॉर्थ एल्डन गावात तहान लागायच्या आधी खणायची म्हटलं तरी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत तहान लागून, भागून, पुन्हा लागलेली असते.

गावाचं आरोग्य मंडळ टाउन हॉलच्या तळघरात, मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी नऊ ते बारा उघडं असे. एव्हरेटचे तास मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते बारा होते. त्याने अर्धी रजा काढली. टेबलापलीकडे ग्लॅडिस फेनविक बसली होती. मंडळाची चिटणीस, करवसुलीची मदतनीस आणि कुत्र्यांच्या परवान्यांची सर्वोच्च अधिकारी ती एकटीच.

"नकाशा?"

"जोडलाय."

"शोषखड्ड्यापासून शंभर फूट?"

"माझ्यापासून एकशे बारा."

"तुमच्यापासून नव्हे, मिस्टर स्टोवेल, तुमच्या शोषखड्ड्यापासून. आणि शेजाऱ्यांच्या?"

"एसा व्हिटकमचा शोषखड्डा कुठे आहे ते एसालासुद्धा माहीत नाही."

"मग अर्ज अपुरा," असं म्हणून तिने शिक्का उमटवला. 'अपुरा' हा शिक्का टेबलावर, उजव्या हाताशी, शाईच्या गादीवर बसलेलाच असे. 'मंजूर' हा शिक्का कुठल्याशा खणात होता.

ज्या एसा व्हिटकमचा शोषखड्डा हरवला होता तो एव्हरेटचा कुंपणापलीकडचा शेजारी. वय एकोणऐंशी. गाई विकून बारा वर्षं झाली, तरी दूध काढायच्या वेळेला, म्हणजे पहाटे साडेचारला, तो अजून उठायचा, आणि काढायला गाय नाही म्हणून गावाची कामं करत हिंडायचा. त्याच्या आजोबांनी खणलेल्या विहिरीचं पाणी गावातलं सगळ्यात गोड पाणी समजलं जाई. चर्चच्या वार्षिक स्ट्रॉबेरी-पंगतीचं सरबत त्याच पाण्याचं असायचं, आणि दुसऱ्या पाण्याचं करावं असं सुचवण्याची कुणाची छाती नव्हती.

एसा त्या गावाच्या जुन्या रीतीचा शेवटचा कट्टर माणूस होता. रीत अशी, की शेजाऱ्याचं काम करायचं, पण सांगायचं नाही. सकाळी उठावं तर आपल्या दारातला बर्फ कुणीतरी काढलेला असतो. कुणी काढला ते विचारायचं नाही, आभार तर मानायचेच नाहीत. ऑगस्टमध्ये लोक गाडीला कुलूप लावतात ते चोरांच्या भीतीने नव्हे. उघडी गाडी दिसली की कुणीतरी मागच्या सीटवर परसात उदंड पिकलेल्या, मांडीएवढ्या झुकिनी ठेवून जातं. एव्हरेटला ही रीत फार आवडायची. ती आवडायची त्या दिवसांची नोंद वहीत आहे.

एसाचा शोषखड्डा शेवटी एव्हरेटने गवतावरून शोधला. जिथलं गवत इतरांच्या आधी तीन आठवडे हिरवं झालं होतं तिथे खुंटी मारली आणि टेप लावली. सगळी शंभर-शंभर फुटांची वर्तुळं कागदावर काढल्यावर कायदेशीर जागा उरली ती पाच फूट व्यासाची, आणि ती नेमकी त्याच्या बायकोच्या पिओनीच्या फुलझाडांच्या वाफ्यात.

"अख्ख्या दोन एकरांत?" नोराने विचारलं.

"अख्ख्या दोन एकरांत."

"तुझी भूमिती बरोबर आहे ना?"

नोराशी झालेलं पुढचं संभाषण वहीत नाही. त्या दिवसापासून तिने रक्तदाब मोजायचं यंत्र जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं, एवढं आहे. पहिली नोंद: १३८ बाय ८८.

मग ग्लॅडिसला आठवलं, की एव्हरेटची मागची हद्द दफनभूमीला लागते, तेव्हा दफनभूमी समितीची लेखी ना-हरकत हवी. या समितीचा अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव हयात सभासद एसा होता. शेजारी म्हणून त्याने कुंपणावर कागद ठेवून अर्ध्या मिनिटात सही केली. समिती म्हणून मात्र त्याने पेन खिशात घातलं.

"समितीची बैठक पहिल्या सोमवारी असते, मास्तर."

"एसा, समितीत तुम्ही एकटे आहात!"

"म्हणून तर नियम पाळायला हवेत. मी नाही पाळले तर दुसरं आहे कोण?"

पहिल्या सोमवारी समितीची बैठक झाली. एव्हरेटला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. आतून कुठलाही आवाज आला नाही. वीस मिनिटांनी एसा बाहेर येऊन म्हणाला, "एकमताने."

मेच्या सुरुवातीला रोली गॅन्यों आपलं बोअरचं यंत्र घेऊन पिओनींवर चढला. एसा पाणाड्यासारखी सफरचंदाची दुबेळक्याची काठी घेऊन आला, डोळे मिटून अंगणभर फिरला, आणि काठी जिथे खाली वाकली तिथे थांबून म्हणाला, "इथे, तीस फुटांवर." ती जागा एव्हरेटच्या सेप्टिक टँकची होती. पाणी होतं, यात वाद नाही.

शंभर फुटांवर कोरडा दगड लागला. दोनशेवरही तोच. तीनशेवर रोलीने टोपी काढून डोकं खाजवलं. तोवर राखाडी चिखलाचे फवारे नोराच्या वाळत घातलेल्या चादरी, गॅरेज आणि दफनभूमीतल्या पुढच्या दोन रांगा इथपर्यंत पोचले होते. समितीने त्याबद्दल लेखी नाराजी कळवली. तीनशे पासष्ट फुटांवर पाणी लागलं.

"एक नंबर पाणी, सर! मी असंच्या असं प्यायलो असतो," रोली म्हणाला, आणि घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायला.

पहिला अहवाल आला. आर्सेनिक ३, मर्यादा १०, ठीक. कठीणपणा १२८. बाकी सगळं ठीक. कोलिफॉर्म जंतू: आढळले. नवीन बोअरला हे होतंच, क्लोरीन टाकून धुवायची असते, असं एव्हरेटने ग्लॅडिसला पुराव्यासकट समजावलं. तिने पुरावा लक्ष देऊन ऐकला आणि उजवा हात शिक्क्याकडे नेला.

गावाला बातमी कळायला दुपार पुरली. पोस्टात एकाने सांगितलं, विहिरीत जिवंत ट्राउट मासा सोडा, सगळे किडे खातो. तीनशे पासष्ट फूट खोल सहा इंची नळीत मासा काय करील, असं एव्हरेटने विचारलं. "उभा राहील," असं उत्तर मिळालं. दुसऱ्याने चांदीचं नाणं सुचवलं. एसा म्हणाला, "चाचण्याबिचण्या कशाला लागतात? मी एकोणऐंशी वर्षं माझ्या विहिरीचं पितोय. कधी बाटली भरून कुणाला दाखवली नाही." आणि त्याने छातीवर थाप मारली. छाती ठणठणीत वाजली.

एव्हरेटने क्लोरीन टाकलं. तीन दिवस घराला पोहण्याच्या तलावाचा वास येत होता. त्या तीन दिवसांत, रोज पहाटे, ओसरीवर पाण्याचे दोन भरलेले जग कुणीतरी ठेवून जात होतं. एव्हरेटने विचारलं नाही. पाणी मात्र गोड होतं. कॉफी तर अशी, की नोरा दुसरा कप मागायची.

क्लोरीन उतरल्यावर, एक जूनला संध्याकाळी, त्याने प्रयोगशाळेच्या तीन बाटल्या भरल्या. नव्या नळीतला थोडा गंज आला होता, पाणी किंचित गढूळ दिसत होतं. गंजाने कुणी नापास करत नाही, हे त्याला माहीत होतं. बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून त्याने ओसरीवर ठेवल्या. प्रयोगशाळेची गाडी सकाळी साडेसहाला येऊन त्या घेऊन गेली.

दहा दिवसांनी दुसरा अहवाल आला. कोलिफॉर्म: नाहीत. एव्हरेटने आनंदाने टेबलावर मूठ आपटली आणि पुढची ओळ वाचली. आर्सेनिक: ४६.

वहीत त्या पानावर पेन्सिलीचं टोक मोडल्याची खूण आहे. १६२ बाय ९८.

त्याने प्रयोगशाळेला फोन केला. नमुन्याचे क्रमांक जुळतात, असं एका थंड आवाजाने सांगितलं. "क्रमांक जुळतात, पाणी जुळत नाही!" एव्हरेट ओरडला. "कठीणपणा १२८ होता, आता ४१ आहे. पाणी बदलेल हो, पण तीनशे पासष्ट फुटांखालचा खडक तीन आठवड्यांत कसा बदलेल? त्याने काय अर्ज केला होता?" आवाज म्हणाला, की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.

तो टाउन हॉलवर गेला.

"दोन अहवाल वेगळे असतील तर मंडळ वाईट तो धरतं," ग्लॅडिस म्हणाली.

"पण विहीर एकच आहे!"

"म्हणूनच तर एकच धरायचा."

"पहिल्यात जंतू आहेत, आर्सेनिक नाही. दुसऱ्यात आर्सेनिक आहे, जंतू नाहीत."

"मग दोन्ही आहे असं धरू," ती म्हणाली, आणि दोन शिक्के मारले.

परत येताना एव्हरेट एवढ्या वेगाने चालत होता, की एसाला कुंपणाच्या कडेने पळावं लागलं. सगळं ऐकून एसा म्हणाला, "प्रयोगशाळेला काय कळतं? पोरीला बोलवा, मास्तर. बाळासाठी माझं पाणी आहे. रोज दोन जग."

आभार मानायचे नसतात, म्हणून एव्हरेटने नुसतं खाकरलं. संध्याकाळी त्याने टेसाला फोन केला. दाखल्याचं होईल तेव्हा होईल, तोवर तू तुझ्या जुन्या खोलीत राहा, बाळाला एसाचं पाणी.

"एसाआजोबांचं?" टेसा म्हणाली. "मग प्रश्नच मिटला. वीस तारखेला, रविवारी येते."

एकोणीस तारखेला, शनिवारी, चर्चच्या तळघरात स्ट्रॉबेरी-पंगत होती. लांब टेबलं, स्ट्रॉबेरी, साय, गरम पाव, आणि टोकाला एसा, पांढरा अंगरखा घालून, सरबताच्या भल्यामोठ्या पिंपामागे, हातात ओगराळं. एव्हरेट खायला आला नव्हता. त्याच्या खिशात दोन अहवाल होते, आणि समोर आरोग्य मंडळाचे अध्यक्ष मिस्टर ऑर्डवे, जे एरवी गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत, तिसऱ्या ग्लासावर होते.

"मिस्टर ऑर्डवे, दोनच मिनिटं."

"मंगळवारी या, स्टोवेल. आज पंगत आहे."

दोन महिन्यांत हे वाक्य एव्हरेटने बरेचदा ऐकलं होतं. या वेळी तो बाकावर उभा राहिला. तीस वर्षं वर्गात शिकवलेल्या माणसाचा आवाज तळघरात चांगलाच घुमतो.

"हा दुसरा अहवाल माझ्या विहिरीचा नाहीच! कुणाचं पाणी माझ्या बाटलीत शिरलं देव जाणे, पण ज्याच्या नळाला हे येतं त्याने आजच्या आज नळ बंद करावा! आर्सेनिक शेहेचाळीस! आणि कठीणपणा एक्केचाळीस, म्हणजे इतकं मऊ, की त्या घरात हाताला लावलेला साबण दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटत नसेल!"

"असा फेस आपल्या एसाच्या पाण्याला येतो," मिस्टर ऑर्डवे ग्लास उंच करून म्हणाले. "कपडे काय निघतात!"

सगळे हसले. एसा हसला नाही. त्याच्या हातातलं ओगराळं पिंप आणि ग्लास यांच्या मध्ये थांबलं होतं, आणि त्यातून सरबत टेबलावर ठिबकत होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा बाहेर येता?"

बाहेर गाड्यांमध्ये उभं राहून एसाने अंगरख्याला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"त्या दिवशी पहाटे तुमच्या ओसरीवर पेटी दिसली. उघडून बघितली. पाणी गढूळ. म्हटलं, हा माणूस परत नापास होणार, परत गावभर ओरडत फिरणार, आणि पोर काही येणार नाही. ओतून टाकलं. बाटल्या धुतल्या. एकीला आंबूस वास होता, ती तीनदा धुतली. आणि माझ्या नळाचं भरलं."

एव्हरेटच्या तोंडून सगळे शब्द एकदम फुटले.

"माझा नमुना! एसा, माझा नमुना! चार अर्ज केले मी! अंगण उकरलं, बायकोच्या पिओनी गेल्या, प्रयोगशाळेतल्या बाईला मी नाही नाही ते बोललो! तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायचं नसतं. आणि आपणही सांगायचं नसतं. आज सांगावं लागतंय याचीच लाज वाटतेय."

"चुलीत गेली तुमची लाज! उद्या माझी नात—"

वाक्य तिथेच अडकलं. ओसरीवर उद्यासाठीचे दोन जग आधीच आणून ठेवलेले होते. त्यांतला एक नोराने बाळाच्या बाटल्यांसाठी वेगळा काढला होता, झाकणावर चिठ्ठी चिकटवून.

एसाने ते न झालेलं वाक्य पुरं ऐकलं असावं. तो हळू म्हणाला, "प्रयोगशाळा चुकली असेल. मी तर उकळून पितो."

"उकळून! अहो, उकळल्यावर पाणी उडतं, आर्सेनिक राहतं! तुम्ही ते आटवून पिताय!"

"माझ्या आजोबांनी खणलेली विहीर आहे," एसा म्हणाला. आणि ताठ मानेने, पण नेहमीपेक्षा हळू, तो आपल्या गाडीकडे गेला.

एव्हरेट आत आला. पिंप अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. लोक रांगेत उभे होते, आणि ओगराळं मिस्टर ऑर्डवेंनी हाती घेतलं होतं. एका ग्लासाने काही होत नाही, हे एव्हरेटला माहीत होतं. का पिऊ नये हे सांगायचं झालं, तर एसाचं नाव घ्यावं लागणार होतं, एसाच्या गावात, एसाच्या पंगतीत. त्याचा राग अजून तसाच होता. नुसतं उभं राहवेना इतका होता. तेव्हा त्याने तो कामाला लावला. पिंपाला दोन्ही हात लावले आणि ते आडवं केलं.

सरबत टेबलावरून, स्ट्रॉबेऱ्यांवरून, मिस्टर ऑर्डवेंच्या पायांवरून वाहत दारापर्यंत गेलं.

"पाय घसरला," एव्हरेट म्हणाला. तो जागचा हललाही नव्हता, हे चाळीस माणसांनी पाहिलं होतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर १७१ बाय १०२. सकाळी टेसाचा फोन आला, तिला गावातल्या तीन जणांनी आधीच कळवलं होतं. "बाबा, तू चर्चमध्ये सरबत ओतून दिलंस?"

"पाय घसरला. आणि आज येऊ नकोस."

"म्हणजे? एसाआजोबांचं पाणी—"

"येऊ नकोस म्हणतो ना! कागद आल्यावर ये."

"तीस तारखेला माझी जागा सुटतेय. मी बाळाला घेऊन रस्त्यावर बसू?" तिने फोन आपटला. नोराने चिठ्ठी लावलेला जग उचलला, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो मोरीत उपडा केला.

बावीस तारखेला एव्हरेटने तिसऱ्यांदा तीन बाटल्या भरल्या. पेटी सुतळीने बांधली, गाठी मोजल्या, पाच. वर लिहिलं: हात लावू नये. कुणीही. पुढे आणखी लिहायचं मनात होतं, पण जागा संपली.

सकाळी सहाला पाहिलं तर पाचही गाठी जशाच्या तशा होत्या. पेटीच्या शेजारी, ओसरीच्या फळीवर, आणखी तीन बाटल्या उभ्या होत्या. भरलेल्या, पुसलेल्या, प्रत्येकीवर थरथरत्या अक्षरात: ए. व्हिटकम. तसल्या बाटल्या गावात फक्त ग्लॅडिसकडे मिळत, आणि फक्त मंगळवारी-गुरुवारी. म्हणजे एसा आदल्या दिवशी तळघरात जाऊन, अर्ज भरून, रांगेत उभा राहून आला होता. एव्हरेटने सुतळी सोडली, त्याही बाटल्या बर्फात ठेवल्या आणि पुन्हा पाच गाठी मारल्या. कुंपणापलीकडे पडदा हलल्यासारखा वाटला. त्याने तिकडे पाहिलं नाही.

एव्हरेटचा अहवाल एकोणतीस तारखेला आला. मंगळवार होता. कोलिफॉर्म: नाहीत. आर्सेनिक: ३. कठीणपणा: १२७. ग्लॅडिसने तो दोनदा वाचला, तीन खण उघडले आणि चौथ्यात 'मंजूर' सापडला. त्याची शाई वाळली होती. तिने त्यावर तोंडाची वाफ सोडली, दाबला, तरी 'मंजू' एवढंच उमटलं. 'र' तिने हाताने काढला.

"सरबताचं काय झालं होतं हो, मिस्टर स्टोवेल?" तिने कागद देताना विचारलं. "मिस्टर ऑर्डवे म्हणतात, पुढच्या वर्षी तुम्हाला आत सोडायचं नाही."

"पाय घसरला होता."

तीस तारखेला दुपारी टेसा आली. बापाशी बोलली नाही. कागद तिने वाचला, उलटून मागची बाजू वाचली, मग नवा नळ सोडला आणि बाळाची बाटली भरली. बाळाने ती सहा मिनिटांत संपवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी एव्हरेटने ओसरीचं दार उघडलं. दोन जग होते. रिकामे, धुऊन उपडे ठेवलेले. एकाखाली चौघडी केलेला कागद होता. त्याने आधी जग आत नेले, नव्या नळाखाली काठोकाठ भरले, कुंपणापलीकडे जाऊन एसाच्या पायरीवर ठेवले आणि दार न वाजवता परत आला. मग ओसरीवर बसून कागद उघडला.

ए. व्हिटकम. स्वयंपाकघरातला नळ. कोलिफॉर्म: नाहीत. कठीणपणा: ४१. आर्सेनिक: ४७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. मर्यादा: १०.